मामाच्या घरच्या अक्षता

आमच्याकडं लग्नाच्या अक्षता ज्वारीच्या असतात. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना याचं नवल वाटतं. त्यांना अक्षता म्हटलं की तांदूळच आठवतो. पण अक्कलकोटच्या बाजूला, जिथं माझं माहेर आहे, तिथं तांदूळ पिकतच नाही, मग तो लोकांच्या डोक्यावर कशाला टाकायचा? घरची टपोरी ज्वारी घ्यायची, गुलाबी रंगाच्या पाण्याचा हात द्यायचा, सावलीत वाळवायची, झाल्या अक्षता. आमच्या घराण्यात त्याला आणखी एक शेपूट आहे. मुलीच्या लग्नातल्या अक्षता तिच्या मामाच्या घरून यायच्या, आणि त्या पडताना मुलीच्या मागं मामानंच उभं राहायचं. माझ्या लग्नात माझा मामा मागं उभा राहून इतका रडला होता, की गुरुजींनी मंगलाष्टक थांबवून त्याला पाणी द्यायला लावलं.

माझ्या लेकीला मामा एकच. माझा थोरला भाऊ, माझा दादा. आणि या दादानं एके दिवशी भर रानात, सगळ्यांदेखत जाहीर केलं की तो तिच्या मागं उभा राहणार नाही. कारण काय, तर ज्वारी.

लेक पिकांवर संशोधन करते. दूरच्या एका शहरात, एका प्रयोगशाळेत. ज्वारीला खोडमाशी नावाची एक चिमुकली माशी छळते. कोवळ्या रोपाच्या पोटात तिची अळी शिरते आणि मधला कोंब आतल्या आत वाळून जातो. दुसऱ्या एखाद्या सजीवातलं जनुक ज्वारीत घालून तिला या अळीशी झुंजायला शिकवता येईल का, हे लेक बघते. म्हणजे ज्या जनुक बदललेल्या पिकांवरून वर्तमानपत्रांत नि टीव्हीवर भांडणं चालतात, तेच तिचं रोजचं काम. मी सोलापुरात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळं मला हे सगळं नीट कळतं असा घरात समज आहे. मी तो मोडत नाही.

दादा घरची ज्वारी करतो. वडिलांच्या हातचं बी, दरवर्षी तोच कणसं निवडणार, तोच बडवणार, तोच कडुलिंबाचा पाला घालून पिशव्यांत भरणार. त्या पिशव्या पडवीच्या कोपऱ्यात असतात आणि तिथं दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एकदा मी कुंडीत लावायला म्हणून मूठभर मागितली, तर म्हणाला, "तुझ्या कुंडीत ज्वारीचा जीव गुदमरंल." बहिणीला मूठभर ज्वारी न देणारा हा माणूस भाचीला मात्र जन्मभर खांद्यावर घेऊन फिरला. लहानपणी ती त्याच्याच रानात किडे गोळा करायची. त्या किड्यांपायीच ती या धंद्यात पडली असं माझं मत आहे.

भांडण झालं ते येळवसेला. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागात गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं उभं करायचं, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची, पिकाला आंबील शिंपडायची आणि मग त्या उभ्या ज्वारीत बसून बाजरीचे उंडे नि नाना भाज्यांची भज्जी पोट फुटेस्तोवर खायची. लेक सुट्टी काढून आली होती. दादानं आंबिलीचा पेला तिच्या हातात दिला आणि सहज विचारलं, "काय करतीस ग तू तितं?"

तिनं सांगितलं. सांगितलं कसलं, काडी घेऊन जमिनीवर चित्रच काढून दाखवलं. तिचा चेहरा असा फुललेला की मला उगाच आपणच काहीतरी शोध लावल्यासारखं वाटत होतं. दादा मात्र खाली मान घालून ऐकत होता, आणि दादा मान खाली घालून ऐकायला लागला की मी ओळखते, आता काही खरं नाही.

"म्हंजे तू माज्या ज्वारीत दुसऱ्याचं कायतरी घालणार," तो म्हणाला.

"तुमच्या नाही मामा. आमच्या काचेच्या घरातल्या."

"आज तितं. उद्या बाजारात. परवा शेजारच्या रानात. आन् वारं काय बांध बघून वाहतंय व्हय? हिकडच्या फुलातलं तिकडच्या फुलात जायला किती येळ लागतो?"

"म्हणूनच तर परवानगी मिळायला वर्षानुवर्षं लागतात," ती म्हणाली. "खाल्लं तर काय होतं, वाऱ्यानं गेलं तर काय होतं, मधमाश्यांना काय होतं, सगळं तपासावं लागतं. आपल्याकडं शेतकऱ्याच्या रानात आजवर एक कापूस तेवढा पोचलाय. वांगं तयार झालं होतं, ते सुद्धा थांबवलं." आणि तिनं भज्जीतली वांग्याची फोड उचलून तोंडात टाकली.

"कापसाचं मला सांगू नगं," दादा म्हणाला.

दादानं काही वर्षं तुकडाभर कापूस केला होता. पहिल्या पहिल्यांदा तोच फोन करून सांगायचा, की औषध मारायचं काम कमी झालं, पाठीवरचा पंप अडगळीत टाकला. मग गुलाबी बोंडअळी आली. बोंडं वरून चांगली, आतून कुरतडलेली. पंप पुन्हा पाठीवर चढला. तेव्हापासून दादाचं आणि गुलाबी रंगाचं वाकडं आहे.

लेकीनं तेही कबूल केलं. एकच बियाणं सगळीकडं लावलं, कडेनं साधा कापूस लावायला सांगितला होता तो कुणी लावला नाही, आणि अळी त्याला सरावली, असं ती म्हणाली. इथवर ठीक चाललं होतं. पण पुढं ती जे म्हणाली ते म्हणायला नको होतं. "पण खाणाऱ्याला त्यानं काही होत नाही हो मामा. तुम्ही उगीच घाबरता."

दादानं हातातला उंडा खाली ठेवला. "बी इकणारा बी असंच म्हणाला हुता. कायबी होत न्हाय. तू बी तेच म्हणाय शिकलीस." मग तो उठला आणि कोपीबाहेर जाऊन आमच्याकडं पाठ करून म्हणाला, "माज्या ज्वारीच्या जिवावर उठलेल्या पोरीमागं मी अक्षतेला उभा ऱ्हाणार न्हाय. दुसरा मामा बगा."

दुसरा मामा काय बाजारात मिळतो? मला इतका संताप आला की मी त्याच रानात त्याला चार शब्द सुनावले, आणि इतकं वाईट वाटलं की परतीच्या गाडीत डोळ्यांतलं पाणी थांबेना. लेक मात्र शांत होती. म्हणाली, "आई, वाऱ्याचं ते बरोबर बोलले. ज्वारीत परागकण जातात इकडून तिकडं." मी म्हटलं, "मग हे तिथंच का नाही बोललीस?" तर म्हणे, राग आला होता. मामाचीच भाची.

त्या वर्षी शाळेत मी मुलींचा वादविवाद घेतला, विषय हाच. एक बाजू भुकेचं बोलली, कीटकनाशकांचं बोलली. दुसरी बाजू बियाण्याच्या मालकीचं बोलली, दरवर्षी बी विकत घ्यायला लागण्याचं बोलली. दोन्हीकडच्या पोरी इतक्या तावातावानं भांडल्या की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. शेवटी एकीनं विचारलं, "बाई, तुम्ही कुणाच्या बाजूनं?" मी घंटेकडं पाहिलं. घंटा झाली. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला इतकं हायसं वाटू नये, पण वाटलं. माझी बाजू एकच होती, माझ्या लेकीच्या मागं माझा भाऊ उभा राहावा.

लग्न ठरलं. मुलगा लेकीच्याच शहरातला, भला माणूस, ज्वारीशी त्याचा संबंध फक्त भाकरीपुरता. तुळशीची लग्नं झाली की लगेचची तिथी निघाली. दादाला मी फोनवर सांगितलं तर म्हणाला, "बरं झालं. मी जेवाय यीन." जेवायला येईन. सख्खा मामा.

तेव्हा वहिनी मैदानात उतरली. माझी वहिनी सीमेपलीकडची, कानडी मुलखातली. ती चिडली की कानडीत बोलते. दादाला ते सगळं कळतं, पण उत्तर देता येत नाही, असा तिचा जुना हिशेब. दिवाळीच्या आधी ती साड्यांच्या खरेदीला सोलापुरात आली. आम्ही नवी पेठेत दुकानं पालथी घातली, तिनं मला इरकल घ्यायला लावली, आणि मग ती मला हळूच एका पूजासाहित्याच्या दुकानात घेऊन गेली.

"वन्सं, रंग घ्या," ती म्हणाली. "गुलाबी. खाण्यातला घ्या, चांगला."

"कशाला?"

"अक्षतांना. माणूस उभा ऱ्हावू नायतर बसू, अक्षता मामाच्या घरच्याच पडतील. ह्यांच्या पिशवीतलीच ज्वारी घेणार हाय मी. ह्यास्नी कळता कामा नये."

दादाची बियाण्याची ज्वारी. मी तिच्याकडं बघतच राहिले. मग रंगाचे पैसे मी दिले. कटात सामील व्हायचं तर पुरतं व्हावं.

त्या वर्षी परतीचा पाऊस काही केल्या परतेना. रानात पाणी साचून राहिलं, काळी माती चिकटून बसली. माती पेरणीजोगी सुकून वापसा यायला कार्तिक उजाडला. म्हणजे इकडं आमच्या घरात लग्नाचे लाडू वळायला सुरुवात आणि तिकडं दादाची पेरणी, एकाच वेळी. आणि तेव्हाच ते घडलं.

दुपारची वेळ. बायका अंगणात लाडू वळत होत्या. दादा दारात उभा राहिला. पायाला चिखल, डोक्यावर तीच रानातली टोपी, एसटीतून उतरून तसाच आलेला. मला वाटलं राग विसरून आला. मी उठून पाणी आणायला निघाले, तर त्यानं लेकीला हाक मारली आणि खिशातून रुमाल काढून तिच्यासमोर सोडला. आत गुलाबी ज्वारी.

"हे तुजं," तो म्हणाला. "माज्या रानात. बांधाकडच्या अख्ख्या पट्ट्यात. मी भाकर खायला बसलो तवर पेरून झालं. तुज्या मामीला फितवून ठिवलंस, व्हय? मूठभर तरी बी माजं म्हणून ऱ्हाऊ द्यायचं हुतंस."

झालं होतं असं, हे नंतर जुळवून कळलं. वहिनीनं अक्षता रंगवल्या, वाळवल्या, पिशवीत भरल्या, आणि दादाच्या नजरेस पडू नयेत म्हणून ती पिशवी ठेवली कुठं, तर त्याच्याच बियाण्याच्या पिशव्यांमागं. का, तर तिथं कुणी हात लावत नाही. दादा सोडून. आणि पेरणीच्या दिवशी झुंजूमुंजूला दादानं तोंड बांधलेल्या सगळ्या पिशव्या स्वतःच्या हातानं ट्रॅक्टरवर टाकल्या. वहिनी एका बारशाला पलीकडच्या गावाला गेलेली. ट्रॅक्टरवाल्यानं पेरणी यंत्राच्या पेटीत एकामागं एक पिशवी ओतली. शेवटच्या पिशवीतून गुलाबी ज्वारी निघाली तेव्हा त्याला काहीच वावगं वाटलं नाही. हल्ली दुकानातलं बी औषध लावलेलं, गुलाबीच असतं. त्यानं मनात म्हटलं असणार, चला, दादा एकदाचे सुधारले.

आणि दादानं बांधावर सांडलेले गुलाबी दाणे पाहिले तेव्हा त्याच्याही मनात तेच आलं, फक्त उलटं. दुकानाचं बी. कंपनीचं बी. भाचीचं बी.

लेकीनं दाणे तळहातावर घेतले. नाकाशी धरले. "मामा, असलं बी अजून जगात तयारच झालेलं नाही," ती म्हणाली. "आमच्याकडचा एक दाणा जरी मी बाहेर काढला तरी माझी नोकरी जाईल. दाराला कुलूप, कपाटाला कुलूप. आणि तयार झालं असतं तरी तुम्हाला न विचारता तुमच्या रानात मी टाकीन असं वाटलं तुम्हाला?"

हे विचारताना तिचे डोळे भरले. आणि नेमक्या त्या वेळी मी तिच्या तळहाताकडं पाहिलं. घामानं दाण्यांचा रंग सुटला होता, आणि तो रंग मी ओळखला. मला हसू फुटलं. असं फुटलं की मला बोलता येईना, पदर तोंडाला लावून मी खाली बसले, आणि दादा माझ्याकडं असा बघायला लागला जणू मी त्याच्या घराला काडी लावली.

"दादा," मी कसंबसं म्हटलं, "अरे त्या अक्षता आहेत. हिच्या लग्नाच्या. वहिनीनं रंगवल्यात. तुझ्याच ज्वारीच्या."

अंगणात क्षणभर कुणी लाडू वळेना. मग माझी एक चुलत जाऊ म्हणाली, "म्हणजे मामानं भाचीच्या अक्षता टाकल्या की. रानानं लग्न लावलं पोरीचं," आणि सगळं अंगण हसायला लागलं. लेक रडता रडता हसली. दादा हसला नाही. तो जोत्यावर बसला, टोपी काढली, आणि रुमालातल्या दाण्यांकडं बघत राहिला.

मग त्यानं लेकीला एक गोष्ट विचारली. येळवसेच्या भांडणापासून तो तिला नुसता सुनावत आला होता. विचारलं असं काही नव्हतं.

"रंग लावल्याली उगवंल का ग?"

मी मनात म्हटलं, सांग बाई, उगवेल म्हणून सांग आणि मिटव.

"माहीत नाही मामा," ती म्हणाली. "रंग खाण्यातला आहे, त्यानं अडू नये. पण ज्वारी ओली झाली होती. किती भिजली, कशी वाळली, ते मामीलाच ठाऊक. बघावं लागेल."

मी कपाळाला हात लावला. पण दादानं मान वर केली आणि तिच्याकडं नीट पाहिलं, येळवसेपासून पहिल्यांदाच. "माहीत न्हाय म्हणती," तो मला म्हणाला. "ऐकलंस का? त्या बी इकणाऱ्याला इचारलं असतं तर त्यानं छातीवर हात मारून सांगितलं असतं."

मला वाटलं, आता मिटलं. कसचं काय. दादाच्या डोक्यात दुसरंच खूळ शिरलं. "पर न्हाय उगवली तर?" तो म्हणाला. "पोरीच्या अक्षता माज्या रानात जळाल्या तर मी कुटल्या तोंडानं तिच्या मागं उभा ऱ्हाऊ? उगवल्याली बघितल्याबिगर मी काय यायचा न्हाय."

"अरे रंग लागलेले दाणे ते, शकुन कसला बघतोस?"

"तू शाळंत शिकीव."

लेकीनं त्यातले मूठभर दाणे ओल्या कापडात गुंडाळून ठेवले, आणि मामा-भाची जेवायला बसले. त्या जेवणात पुन्हा वाद झाला, पण काय मजेचा. त्यानं विचारावं, तिनं सांगावं, तिनं विचारावं, त्यानं भाकरीचा तुकडा हवेत धरून सांगावं. तो म्हणाला, खायला चांगलं असंल तुजं बी, पर ते दरसाल तुमच्या दारात येऊन मागायचं असंल तर मी भिकारी झालो की. ती म्हणाली, हा प्रश्न बियाचा नाही मामा, बी कुणाच्या हातात आहे त्याचा आहे, आणि तो मलाही पडतो. ती म्हणाली, खोडमाशीनं तुमची ज्वारी किती जाते? तो म्हणाला, जाती, उगं खोटं कशाला बोलू, उशिरा पेरली की जाती. ती म्हणाली, मग? तो म्हणाला, मग काय, तुजं बी वर्षानुवर्षं तपास, माजं बी मी पेरतो, बगू. शेंगाचटणीची वाटी रिकामी झाली तरी दोघं उठेनात. त्या दिवशी कुणी कुणाला पटवलं नाही. मला मात्र दोघांना तसं बसलेलं बघून पुन्हा पदर डोळ्याला लावावा लागला.

दादा संध्याकाळच्या गाडीनं गेला. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. हॉल, आचारी, पाहुणे, आहेर, आणि या सगळ्यात दिवसातून दोनदा गावाकडं फोन, "उगवली का?" वहिनी म्हणायची, "न्हाय वन्सं, काळीच दिसतीय माती." माझे ते अधीर फोन बघून मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना वाटलं, गावाकडं कुणीतरी बाळंत होणार आहे.

कापडातली ज्वारी आधी उगवली. पांढरे मोड लेकीनं मला दाखवले, मामाला फोन लावला. मी कान लावून ऐकत होते.

"कापडात उगवली व्हय," तिकडून दादा. "रानात कायबी न्हाय."

"हो मामा. कापड वेगळं, रान वेगळं."

मग दादा म्हणाला, "हे तू म्हणतीस?" आणि फोन ठेवला. येळवसेला तो वाऱ्याचं बोलला ते तरी दुसरं काय होतं, प्रयोगशाळेत होतं ते रानात तसंच होतं असं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी वहिनी आली, एकटी. नव्या अक्षता घेऊन आली, पण या खेपेला हळदीच्या, पिवळ्याधमक. गुलाबी रंगाचं नाव काढू नका म्हणाली. "हे रानातनं हलंनात," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं कानडीत. मला कानडी येत नाही, पण कळलं.

लग्नाच्या दिवशी दुपारी हॉल भरला. दादाचा फोन लागेना. माझ्या नवऱ्यानं माझ्या एका चुलतभावाला तयार राहायला सांगितलं. तो बिचारा नवा फेटा बांधून उभा होता आणि माझ्याकडं बघायचं टाळत होता. लेकीला मी शेवटचं पाहिलं ते मुंडावळ्या बांधताना. तिनं विचारलं, "आले?" मी म्हटलं, "येतील." ती म्हणाली, "माहीत नाही म्हण आई, चालेल." मी तिच्या गालाला हात लावला आणि निघाले.

निघाले, कारण आमच्यात मुलीच्या आईनं अक्षता बघायच्या नसतात. तिनं तुळशीला पाणी घालत बसायचं, पाठ करून. इतकी वर्षं विज्ञान शिकवूनही मी हे पाळते. का, ते मला विचारू नका. हॉलच्या मागच्या बाजूला प्लॅस्टिकच्या कुंडीत एक तुळस होती. मी इरकलीचा पदर खोचला, तांब्या घेतला आणि तिच्यासमोर उभी राहिले. पुढं काय चाललंय ते मला लाउडस्पीकरच्या कर्ण्यातून ऐकू येणार होतं तेवढंच.

गुरुजींनी नवऱ्या मुलाला उभं केलं. अंतरपाट धरायला सांगितला. मग म्हणाले, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या."

कर्ण्यात नुसती खरखर. मी पाण्याची धार धरली. चुलतभाऊ तर चुलतभाऊ, असं मी स्वतःला सांगत होते. खरखर वाढली, कुणीतरी पळत येऊन धापा टाकत असल्याचा आवाज आला. गुरुजींच्या गळ्यातला माईक चालूच होता, हे कुणाच्या लक्षात नव्हतं. आणि त्या कर्ण्यातून, सगळ्या हॉलला, रस्त्याला, आणि मला ऐकू येईल असा, माझ्या दादाचा दबका आवाज आला.

"उगवली ग पोरी. आज सकाळी बगितली."

"किती टक्के, मामा?" माझ्या लेकीचा आवाज.

सगळा हॉल हसला. त्या हसण्यावर दादाचा आवाज, आता मुळीच दबका नाही. "टक्के लगीन झाल्यावर येऊन मोज. आता म्होरं बग."

गुरुजींनी सावधान म्हणून सूर लावला. कुंडी केव्हाच भरली होती, पाणी वाहून माझ्या इरकलीच्या काठाला लागलं तरी मी ओततच होते. माझा दादा माझ्या लेकीच्या मागं उभा होता.